बनियनचा आतला खिसा

ज्या बाईच्या तोंडाला लागायची गल्लीत कुणाची छाती नव्हती, तिचं तोंड परमुलखात उतरल्यावर नुसतं जेवण्यापुरतं उरलं.

घरच्या लाँड्रीत गिऱ्हाईक आलं की कडकबाई आधी त्याचा कपडा बघायच्या आणि मग त्याच्याकडे. "हा सदरा धुवायला आणलाय का पुरायला?" असं विचारायच्या. गिऱ्हाईक ओशाळं हसायचं, पण दुसरीकडे जायचं नाही, कारण तशी इस्त्री दुसरीकडे मिळत नव्हती. कपडे कडक, बाई त्याहून कडक, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. सुनेच्या माहेरची माणसंसुद्धा पाठीमागे त्यांना हेच म्हणत. त्यांच्या नवऱ्याला सगळे 'मालक' म्हणत. दुकानाच्या पाटीवर तसं रंगवलेलं होतं, एवढाच त्याला आधार. मालक सायकलवरून कपड्यांचे गठ्ठे पोचवायचे आणि उरलेल्या वेळात बाई सांगतील तिथे बसायचे. देवमाणूस. ताटात पडलं ते खाल्लं, हाताला आलं ते अंगात घातलं; भाजी अळणी झाली हेसुद्धा बाईंनीच चाखून त्यांना सांगायचं.

समुद्रावर जायचं खूळ लेकाचं. तेही इथल्या तिथल्या नाही, विमानात बसून परदेशातल्या.

"बाबांनी जन्मात समुद्र बघितला नाही," लेक म्हणाला.

"हत्तीवरही नाही बसले ते. काही अडलं का?" बाईंनी विषय तिथेच घडी घालून ठेवला असता. पण कोपऱ्यात बसलेले मालक हळूच म्हणाले, "बघू या की." उभ्या संसारात त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं बाईंना आठवेना. मग काय करता? दुकानाला कुलूप लावायचं ठरलं.

निघायच्या आधी कॉलेजातली नात रोज मोबाइल घेऊन आजीच्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहायची आणि परदेशी समुद्रावर जाणाऱ्यांनी काय करावं, काय करू नये ते वाचून दाखवायची.

"आजी, कपडे सुती घ्यायचे. सैल आणि फिकट रंगाचे."

"कपड्यांचं तू शिकव आता मला. एवढंच राहिलं होतं."

"बाहेर पडायच्या आधीच उन्हाचं मलम लावायचं. पाण्यातून आलं की पुन्हा लावायचं. बाटलीतलंच पाणी प्यायचं, बर्फाच्या वाटेला जायचं नाही. आणि लाल बावटा लावला असेल तर समुद्रात उतरायचं नाही."

"उतरतंय कोण मेलं! लांबून बघायचा आणि परत यायचं."

"बरं. पासपोर्ट किनाऱ्यावर न्यायचे नाहीत. खोलीतल्या तिजोरीत ठेवायचे, आणि त्यांच्या झेरॉक्स वेगळ्या बॅगेत."

इथे बाईंची इस्त्री थांबली. "तिजोरी कुणाची? हॉटेलची. आणि आपण आपल्या हातानं पासपोर्ट नेऊन त्यात ठेवायचे? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! ज्यानं हे लिहिलंय ना, तो उंटावरचा शहाणा."

माणसाच्या खिशाबद्दल बाईंना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या माणसाच्या बायकोलाही नसेल. धुवायला आलेला प्रत्येक कपडा त्या आधी उलटा करत. काय काय सापडायचं! अंगठ्या, औषधाच्या चिठ्ठ्या, भलत्याच बाईचा फोटो. सगळं त्या एका फळीवर मांडून ठेवत आणि ज्याचं त्याला चार शब्द ऐकवून परत देत. त्यांच्या हातून कुणाचा कागद कधी पाण्यात गेला नव्हता. एकदा एका मास्तरांचं सर्टिफिकेट त्यांच्याच घरी बादलीत पडलं, रडत रडत दुकानात घेऊन आले बिचारे. बाईंनी त्यावर पातळ फडकं घालून कोमट इस्त्री फिरवली आणि कागद जसा होता तसा हातात ठेवला. या सर्टिफिकेटाबद्दल गल्लीत पुष्कळ वर्षं बोललं जात होतं. जास्त करून बाईच बोलत होत्या.

तर बाहेरचा खिसा हा खिसाच नव्हे, हे त्यांचं मत. त्यांनी मालकांच्या सगळ्या बनियनांना आतून, डाव्या छातीवर, पासपोर्टाच्या मापाचा खिसा शिवला. रोज अंघोळ झाली की नव्या बनियनमध्ये पासपोर्ट घालायचा आणि खिशाचं तोंड शिवून टाकायचं. स्वतःचा पासपोर्ट त्यांनी तसाच कमरेच्या पट्ट्यात शिवून घेतला. लेक, सून आणि नात मात्र तिजोरीवाल्यांच्या पक्षाचे.

नातीनं एक पाणी न शिरणारी पिशवी आणून दिली. "निदान यात तरी घाल गं."

"प्लास्टिक? घामोळं उठेल त्यांना." बाईंनी पिशवीत सुया ठेवल्या.

* * *

परदेश म्हणजे काय, हे बाईंना हॉटेलात पाय ठेवल्याबरोबर कळलं. चादरीला नीट घडी नव्हती, म्हणून त्यांनी खाली काउंटरवर बसणाऱ्या मुलीला झापलं. मुलगी गोड हसली. "हसतेस काय, दात दाखवायला ठेवलंय का तुला इथं?" मुलगी आणखी गोड हसली आणि छातीवर हात ठेवून वाकली. शिव्या घेणारंच कुणी नसेल तर माणसानं द्यायच्या तरी कुणाला? गरम पाणी हवं तर सुनेला सांगा. मीठ हवं तर सुनेला सांगा. ज्या सुनेला त्यांनी लग्नानंतर वर्षभर इस्त्रीला हात लावू दिला नव्हता, तिच्या तोंडाकडे बघत त्यांना ताटावर बसावं लागत होतं. सून बिचारी काही बोलत नव्हती. तेच बाईंना जास्त लागत होतं.

मालकांचं मात्र बरं चाललं होतं. त्यांना घरीही फारसं बोलायचं नसायचं, इथेही नव्हतं. सकाळी बनियन घालून ते दोन्ही हात वर करून उभे राहत, बाई त्यांच्या छातीशी वाकून टाके घालत आणि दोरा दातांनी तोडत.

"गुदगुल्या होतात गं," मालक म्हणत.

"या वयात? गप उभे राहा. सुई लागेल."

परतीच्या आदल्या दिवशी सगळे किनाऱ्यावर गेले. छत्रीखाली बाई चपला, पिशव्या, टॉवेल यांची राखण करत बसल्या. इतके दिवस मालक वाळूवर उभं राहून पायाला पाणी लावून घ्यायचे आणि परत यायचे. त्या दिवशी नातीनं पाण्यातून हाक मारली, "आजोबा, या ना! काही होत नाही." मालकांनी सदरा काढला, घडी केली, चपलांवर ठेवला आणि बनियनवरच निघाले. गुडघ्यापर्यंत. मांडीपर्यंत.

"अहो! कुठे निघालात? अहो, खिसा!"

लाटेपुढे बाईंचा आवाज म्हणजे काहीच नाही. गल्लीच्या टोकाचा दूधवाला ज्या आवाजाला थांबायचा, तो आवाज वाळूत चार पावलांवर जिरला. बाई उठल्या, चपला टाकून धावल्या, पण वाळू पाय ओढून घेत होती. मालक छातीपर्यंत पाण्यात गेले होते. लाट आली की ते नातीचा हात धरून उडी मारत होते आणि हसत होते. तोंड उघडं टाकून हसत होते. असे हसताना बाईंनी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. क्षणभर त्याही थांबल्या. तेवढ्यात पुढची लाट मालकांच्या खांद्यावरून गेली.

ते बाहेर आले तेव्हा भिजलेलं बनियन अंगाला चिकटलं होतं आणि डाव्या छातीवर एक चौकोन उठून दिसत होता.

मालकांनी बाईंच्या नजरेबरोबर खाली बघितलं आणि त्यांचं हसू विरलं. "विसरलोच गं मी," ते म्हणाले.

खोलीत आल्यावर लेकानं टाके उसवले. पासपोर्ट फुगून पावासारखा झाला होता. लेक ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, उलटून ओरडता आलं असतं. पण त्यानं शांतपणे ज्यानं तिकिटं काढली त्या माणसाला फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं. "नुसता भिजलेला असेल, आणि फोटो, नाव, नंबर नीट दिसत असतील, तर बहुतेक सोडतील म्हणतोय. पानांत टिपकागद घालून पंख्याखाली ठेवायचा. ऊन नाही, आग नाही. कुणीही हात लावायचा नाही." शेवटचं वाक्य म्हणताना त्यानं आईकडे बघितलं नाही, पण ते होतं आईलाच.

संध्याकाळी तिघं जेवायला खाली गेली. बाईंना भूक नव्हती आणि बाई नाहीत म्हणून मालकांनाही नव्हती. पंखा गरगरत होता. पासपोर्टाची पानं फडफडत होती, आणि दर फडफडीला बाईंना वाटे, पानं वाकडी वाळताहेत. वाकडा वाळलेला कपडा पुन्हा सरळ होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? जे काही करायचं ते ओलं आहे तोवरच करायचं असतं. फोनवरच्या माणसानं आयुष्यात एक रुमाल तरी धुतला होता का?

त्यांनी कपाट उघडलं. आत हॉटेलची इस्त्री होती. अगदी हलकी, खेळण्यातली वाटावी अशी.

"राहू दे ना, अगं," मालक खुर्चीतून म्हणाले. "तो नको म्हणून गेलाय."

"तुम्ही बसा हो. तुमच्यानंच झालंय हे सगळं."

मालक बसले.

बाईंनी पलंगावर टॉवेल अंथरला, इस्त्रीची कळ अर्ध्यावर फिरवली, ओलं बोट तळाला लावून बघितलं. आवाज बारीक आला. ठीक. फोटोच्या पानावर स्वच्छ रुमाल घातला आणि इस्त्री टेकवली. घरची इस्त्री जड होती. तिला ढकलावं लागायचं, आणि तिची ऊब हातात आधी यायची, कपड्यात नंतर. हिची ऊब कळेना. बाईंनी दाब दिला. रुमालाखालून एक वास आला. तो कागदाचा नव्हता.

त्यांनी रुमाल उचलला, तर पानाचा वरचा पापुद्रा रुमालाबरोबर उचलला गेला. मालकांच्या फोटोवर बारीक बारीक फोड उठले होते. एक डोळा नाकाच्या बाजूला सरकला होता. खालची नंबरांची ओळ चुरमडून एकमेकांत गेली होती. मास्तरांचं सर्टिफिकेट कागदाचं होतं. या पानावर प्लास्टिकचं कातडं होतं, आणि प्लास्टिकला इस्त्री लावायची नसते हे दुकानातली नवी पोरगीसुद्धा पहिल्या दिवशी शिकते.

बाईंनी इस्त्री उभी केली. त्यांचे हात मांडीवर पडले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बोलायला तोंड उघडलं, पण कुणाला बोलायचं? खोलीत दोघंच होती, आणि त्यातल्या एकाला बोलून झालं होतं.

मालक उठून जवळ आले. आपल्या वाकड्यातिकड्या चेहऱ्याकडे त्यांनी वाकून बघितलं. मग म्हणाले, "पहिल्यापेक्षा काही फार वाईट नाही दिसत."

बाईंना रडू फुटलं.

* * *

विमानतळावर खिडकीमागच्या मुलीनं पासपोर्ट हातात घेतला, पान वाकवून बघितलं, उजेडात धरलं आणि फोन उचलला. ती हसली नाही. इतक्या दिवसांत न हसणारं पहिलंच माणूस बाईंना भेटलं, आणि त्यांनी सुनेचा हात धरला.

एका लहान खोलीत सगळ्यांना नेऊन बसवलं. टेबलामागे एक अधिकारी होता. दमलेला, सभ्य चेहऱ्याचा. सदऱ्याची कॉलर चुकीच्या बाजूनं इस्त्री केलेली. तो लेकाशी बोलत होता आणि लेक घरच्यांना सांगत होता.

"म्हणतायत, नुसता भिजला असता तर लिहून घेऊन सोडलं असतं. पण याचा फोटोवरचा थर सोडवलाय. फोटो बदलायला बघितल्यासारखं दिसतंय." लेकानं पुढचं ऐकलं. "विचारतायत, हे कुणी केलं?"

बाई पुढे सरकल्या. पण त्यांच्याआधी मालक बोलले.

"मी केलं. समुद्रात मीच गेलो, वाळवायलाही मीच गेलो. सांग त्यांना."

"काय बोलताय?" बाई ओरडल्या. "अरे, खोटं बोलतायत ते! यांना इस्त्री कुठून धरतात तेही ठाऊक नाही. मी केली! या हातांनी केली! सांग त्याला." त्यांनी अधिकाऱ्यासमोर हात नाचवले, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, हवेत इस्त्री फिरवून दाखवली. "मी! मी! कळतंय का तुला?"

अधिकारी त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघत होता. म्हातारी घाबरली आहे, एवढंच त्याला कळत होतं. त्यानं सुनेला त्यांच्यासाठी पाणी आणायला खुणावलं.

लेक मान खाली घालून अधिकाऱ्याशी काहीतरी बोलला. वाक्य अगदी लहान होतं. बाईंच्या एवढ्या बोलण्याचं एवढंसं वाक्य होणं शक्य नव्हतं.

"तू माझं सांगितलंस का?"

"नाही."

"का रे?"

"आई, बाबा एक सांगतायत, तू दुसरं. दोघांचं जुळत नाही म्हटल्यावर दोघांनाही ठेवून घेतील. बाबांचा पासपोर्ट, बाबांचं बोलणं. म्हातारा माणूस, चूक झाली, इथेच मिटेल."

"मग मिटलं का?"

 अधिकारी लिहीत होता. लिहून झाल्यावर तो बोलला आणि या वेळी सुनेनं सांगितलं, सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. "बाबांवर काही करणार नाहीत, आई. पण या पासपोर्टावर विमानात चढता येणार नाही. आपल्या वकिलातीतून घरी जायचा कागद मिळेपर्यंत त्यांना इथेच राहावं लागेल. हे त्यांच्याबरोबर थांबतील. भाषेला कुणीतरी हवंच, तेवढी परवानगी देतायत."

"मग मीही थांबते. त्यात काय विचारायचं?"

"आपल्या राहण्याची मुदत आजची आहे. व्हिसाचा शिक्का संपला."

"मग वाढवून दे म्हणावं! दुकान गेलं खड्ड्यात. सांग ना त्याला, यांना भूक लागली तरी हे सांगत नाहीत. कुशीवर झोपले तर श्वास अडकतो. हाक मारली नाही तर उठत नाहीत. सांग की गं! तू तरी सांग."

सुनेनं सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, बराच वेळ सांगत होती. अधिकाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मग दोन्ही तळवे उघडून दाखवले. हे मात्र बाईंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या हातात काही नव्हतं.

दारापाशी लेकाला सूचना देता देता त्यांचा घसा बसला. लेक प्रत्येक गोष्टीला "हो आई" म्हणत होता. जो माणूस प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो त्याला एकही गोष्ट लक्षात राहत नाही, हे बाई जाणून होत्या. शेवटी त्या मालकांकडे वळल्या.

"का बोललात तसं?"

"तू बोलली असतीस तर भांडली असतीस," मालक म्हणाले. "आणि भांडायला इथे तुला कुणी ओळखत नाही."

"उलट बोलायला कधी शिकलात?"

 मालकांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली, तिचे बंद सारखे केले आणि परत त्यांच्या हातात दिली. "जा तू. मी बसतो इथे."

पुढे काचेची भिंत होती. अलीकडे जाणाऱ्यांच्या रांगा, पलीकडे राहणाऱ्यांची बाकं. सुनेनं बाईंचा दंड धरला होता, नात दुसऱ्या बाजूला होती. ती रडत होती आणि सारखं म्हणत होती, "मीच हाक मारली गं आजोबांना." एरवी बाईंनी तिला एक शब्द ऐकवून गप्प केलं असतं, नाहीतर जवळ घेतलं असतं. आत्ता दोन्हीतलं काहीच जमेना. रांग सरकली की त्या सरकत होत्या.

कठड्याच्या वळणावरून त्यांनी मागे बघितलं. लेक कुठेतरी फोन लावत पाठमोरा उभा होता. मालक बाकावर बसले होते. त्यांनी चष्मा काढला होता आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. चष्मा नसला की त्यांना माणसं नुसती ढगासारखी दिसतात, जवळ आल्याशिवाय ओळखू येत नाहीत. पुसता पुसताच त्यांनी मान वर केली, काचेकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात उंच केला आणि हलवला.

हलवला तो शेजारच्या रांगेकडे. तिथे बाईंच्याच उंचीची, अंगावर बाईंसारखीच करडी शाल घेतलेली कुणी परकी बाई उभी होती.

"अहो!" कडकबाईंनी हाक मारली. "अहो, इकडे! मी इकडे आहे!"

काचेतून आवाज गेला नाही. करड्या शालीच्या बाईनं मागे बघितलं, हा आपल्याला हात करणारा म्हातारा कोण, म्हणून जरा घुटमळली, आणि मग तिनंही हात हलवला. मालकांचं समाधान झालं. त्यांनी मान डोलावली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेकाकडे तोंड करून बसले.

"चला आई," सून म्हणाली. "आपला नंबर आला."